कॅमेऱ्याचं नंतर बघू

प्रिय डॉक्टर,

कॅमेरा कुठला, सॉफ्टवेअर कुठलं, आणि जनावरांचा दवाखाना सोडून पशुवैद्यांसाठी व्हिडिओ धडे बनवायला लागल्यावर ‘मी डॉक्टर उरलोय का’, हे सगळं तू एका दमात विचारलंस. कॅमेऱ्याचं आधी उरकतो. हातातला फोन पुरतो. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुझा धडा कसा होतो त्यावर आहे.

धड्यातून निर्णय शिकव. हात गोठ्यातच शिकतो. गाईच्या आत हात घालून करायची गर्भतपासणी व्हिडिओ बघून हाताला येत नाही. पशुवैद्यक शिकवणाऱ्या सारा बेलींच्या ‘हॅप्टिक काऊ’त, म्हणजे हाताला खरा स्पर्श जाणवून देणाऱ्या कृत्रिम गाईतसुद्धा, विद्यार्थ्याला हात घालावाच लागतो, फक्त तो आत कशाला लागतोय ते शिक्षकाला स्क्रीनवर दिसतं.

दुग्धज्वरच घे, व्यायल्यावर गाईच्या रक्तातलं कॅल्शियम घटून होतो तो. कालच व्यायलेली गाय बसलीय, उठत नाही, मान कुशीकडे वळलेली, कान गार, मुस्कट कोरडं. हे चाळीस सेकंद दाखव आणि तोंडातून शब्द काढू नकोस. मग विचार, पहिलं काय करशील? बहुतेक जण थेट कॅल्शियमची बाटली उचलतात. उचलू दे. कारण जहाल कासदाहाची, म्हणजे कासेच्या संसर्गाचं विष अंगभर पसरलेली गायही अशीच बसते, तिचेही कान गार पडतात, ताप उतरून नॉर्मलच्या खाली गेलेला असू शकतो. फरक कळतो तो चारही सडांची धार काढून बघितल्यावर. एका सडातून पिवळसर पाणी आलं, डोळ्याची आतली त्वचा लालभडक दिसली, की विचार बदलायला हवा. तशा गाईला शिरेतून भराभर कॅल्शियम सोडलं तर हृदय दगा देतं. हा रस्ता निवडणाऱ्याला ठोके चुकत गेल्याचा आवाज ऐकव आणि विचार, कॅल्शियम कधी बंद करशील?

साध्या दुग्धज्वरातही हाच निर्णय आहे. ४५० मिली कॅल्शियम बोरोग्लुकोनेट, बाटली अंगाइतकी कोमट, शिरेतून सोडायला किमान दहा मिनिटं, आणि स्टेथोस्कोप पूर्ण वेळ छातीवर. आकडे पाठ करून घेऊ नकोस. दुसऱ्या मिनिटाला ठोका चुकला तर काय, ते विचार.

आवाजाबद्दल एक सांगतो, इथे सगळे फसतात. फोनचा स्पीकर हृदयाचे खालच्या पट्टीतले आवाज धड वाजवतच नाही, आणि मीटिंगची ॲप्स त्यांना गोंगाट समजून गाळून टाकतात. म्हणून आवाजाची फाइल वेगळी दे आणि धड्याच्या पहिल्याच ओळीत इअरफोन लावायला सांग. व्हिडिओ ४८० पिक्सेलचा, डाउनलोड होणारा ठेव. तालुक्याच्या दवाखान्यात रेंज कशी असते ते तुला माहीत आहे. पशुपालकाची परवानगी घे, कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर झाक.

दीड तासाच्या पीपीटीवर आवाज चढवून त्याला कोर्स म्हणणारे भरपूर आहेत. मी त्यावर सही करत नाही, म्हणून मला हट्टी म्हणतात. म्हणोत. गोठ्यात माणूस एकटा असतो, रात्री दोन वाजता त्याला स्लाइड आठवत नाही, आधी एकदा चुकलेला निर्णय आठवतो. तो त्याने तुझ्या धड्यात चुकलेला बरा.

तेव्हा शूटिंगला जाऊ नकोस अजून. आधी दुग्धज्वराच्या धड्याचे फक्त चुकीचे पर्याय लिहून पाठव, प्रत्येकापुढे गाईचं पुढे काय होतं ते दोन ओळींत. जो पर्याय कुठलाच डॉक्टर खरोखर निवडणार नाही, तो मी खोडणार आहे.