खर्ड्याला पहिल्यांदा जाताय ना, मग हे वाचून जा

खर्डा म्हणजे नगर जिल्ह्यातलं जामखेडजवळचं किल्ल्याचं गाव. पुण्यातनं पहाटे पाचला निघा, नगर-जामखेड करत गेलात की उन्हाच्या आत पोचता, आणि शक्यतो जानेवारी-फेब्रुवारीत जा कारण तेव्हा रानात ज्वारी उभी असते आणि हुरडा मिळतो.

आता एक मनापासून सांगतो, नुसता किल्ला बघून फोटो काढून परत येऊ नका. ११ मार्च १७९५ ला इथं मराठे आणि निजाम यांची लढाई झाली, निजाम अली याच किल्ल्यात अडकून पडला आणि शेवटी तह करून आपला दिवाण मराठ्यांच्या ताब्यात द्यावा लागला, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण मराठे आणि निजाम यांच्या मुलखांतली सीमा तिथंच संपली नाही हो, पुढं इंग्रजांच्या काळात जामखेड मुंबई इलाख्यात आणि शेजारचं पाटोदा, भूम निजामाच्या राज्यात, ते थेट १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य संपेपर्यंत! म्हणजे सोयरीक पलीकडल्या गावात आणि राज्य वेगळं.

म्हणून पारावरच्या म्हाताऱ्या माणसांशी बोला. आधी रामराम घाला, पीकपाण्याचं विचारा, मोबाईल खिशात ठेवा. मला एका आजोबांनी बांधावर उभं करून हातातल्या विळ्यानं दाखवलं, "ह्या अंगाला इंग्रज, त्या अंगाला निजाम," दोन्हीकडं सारखीच काळी माती, सारखीच ज्वारी, मला तर भरूनच आलं.

आणि हो, उभ्या पिकातनं चालू नका, बांधानं जा.