कृषी सल्ला : कोरलेला बांध आणि हद्द कायम मोजणी

प्रश्न : शेजाऱ्याने दरवर्षी नांगरटीत बांध कोरला. 7/12 वर 80 आर आहे, टेपने मोजले तर कमी भरते. मूळ हद्द कशी सापडेल? मोबाईल अ‍ॅपची मोजणी चालेल का?

उत्तर : क्षेत्र कमी भरले म्हणजे तेवढी जमीन शेजाऱ्याकडेच आहे असे धरू नका. हद्द क्षेत्रावरून ठरत नाही, जुन्या मोजमापांवरून ठरते. अ‍ॅप चालणार नाही. मोबाईलची चूक सहज 3 मीटरची असते. 100 मीटर लांबीच्या बांधावर तेवढ्याने जवळजवळ 3 गुंठे इकडचे तिकडे होतात.

भूमी अभिलेखच्या उप अधीक्षकांकडे ‘हद्द कायम’ मोजणीचा, म्हणजे जुन्या नोंदींवरून मूळ हद्द जागेवर दाखवण्याचा, अर्ज करा. चालू 7/12, चतुःसीमा आणि सर्व लगतच्या धारकांची नावे-पत्ते द्या. एकालाही नोटीस चुकली की पुढे तीच हरकत निघते. एकत्रीकरणात गट पडण्याआधीचा सर्व्हे नंबरही शोधून ठेवा, कारण खरी मापे त्याच्या टिपणात (जुन्या मोजणीच्या मापांच्या नोंदीत) असतात. ती शंकू साखळीतली (जुन्या मोजणीच्या साखळीतली) : एक साखळी 33 फूट, तिचे भाग 16 आणे. साखळीच्या चौरसाचा एक गुंठा. नुसत्या गट नकाशावर विसंबणे धोक्याचे. 1:5000 च्या नकाशावर 1 मिलिमीटर म्हणजे जागेवर 5 मीटर.

मोजणीची सुरुवात वादाच्या बांधावरून होऊ देऊ नका. सगळ्यात जास्त मोजण्या इथेच बिघडतात, कारण सरकलेल्या बांधावरून काढलेली प्रत्येक रेघ तेवढीच सरकते. भूकरमापकाने (मोजणी करणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्याने) आजूबाजूच्या न हललेल्या खुणा घ्यायला हव्यात : तिकाटण्याचा (तीन हद्दी मिळतात तिथला) दगड, शिवेचा बांध, टिपणात दाखवलेली जुनी विहीर. रोव्हर (उपग्रहाच्या आधारे मोजणारे यंत्र) असो की ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन), यंत्र आजची जागा अचूक सांगते. जुनी हद्द टिपणाशी खुणा जुळल्यावरच मिळते. दोन खुणा जुळणे पुरेसे नाही, तिसरी-चौथी जुळली तरच खात्री.

पीक निघाल्यावरच तारीख घ्या. त्याआधी बांधावरची घाणेरी तोडा आणि तिकाटण्यापाशी हातभर खणून पाहा, दगड बरेचदा मातीखाली असतो. सापडला तर हलवू नका.

हद्द दाखवली की त्याच दिवशी दोन-अडीच फुटी दगड रोवा, दोन तृतीयांश जमिनीत. तळाशी कोळसा नि खापऱ्या टाका. दगड उपटला तरी जागा सापडते. ‘क’ प्रत (मोजणीच्या नकाशाची प्रत) जरूर घ्या. मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणी (वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरतपासणीची मोजणी) मागता येते. भूकरमापक हद्द दाखवतो, ताबा देत नाही. त्यामुळे खुणा पडल्या म्हणून लगेच ट्रॅक्टर घालू नका.