कबुतराच्या मेंदूत कॉर्टेक्स नाही, मग ते इतकं नेमकं कसं बघतं?

तुमचा प्रश्न असा, की आपल्यासारखा सहा थरांचा कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचं बाहेरचं आवरण, नसताना कबूतर खड्यांतून दाणा अचूक कसा टिपतं. मी प्राणिशास्त्र शिकवते आणि हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे.

चिकनच्या दुकानातून आणलेलं कोंबडीचं डोकं वर्गात उघडलं, की मुलांचं बोट आधी मेंदूच्या दोन्ही बाजूंना फुगलेल्या गोळ्यांवर जातं. ते ऑप्टिक टेक्टम, म्हणजे मेंदूतलं नजरेचं केंद्र. डोळ्यांतले बहुतेक मज्जातंतू इथे पोचतात, तेही बाजू बदलून: उजव्या डोळ्याचे डावीकडे, डाव्याचे उजवीकडे. पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा, एकावर एक १५ थर दिसतील. म्हणजे थर पक्ष्यांकडेही आहेत, फक्त जागा वेगळी. त्यातल्या १३व्या थरातल्या मोठ्या पेशी मला फार आवडतात. त्यांच्या फांद्या वरच्या थरांपर्यंत जातात आणि टोकांना बाटली धुण्याच्या ब्रशसारखे झुपके असतात. एकेक पेशी दृश्याचा मोठा तुकडा सांभाळते; त्यात इवलंसं काही हललं तरी तिला कळतं.

तिथून संदेश मेंदूच्या आतल्या रोटंडस या भागात आणि पुढे एन्टोपॅलियम या पुढच्या मेंदूतल्या भागात जातो. इथे मात्र थर नाहीत, पेशींचा नुसता पुंजका. त्यामुळे पक्ष्यांचा जवळजवळ सगळा पुढचा मेंदू म्हणजे उपजत वागणुकीचा भाग, असं मेंदूचे अभ्यासक लुडविग एडिंगर यांच्या काळापासून मानलं गेलं. त्या समजुतीतून आलेली मेंदूच्या भागांची नावं बदलायला २००४ साल उजाडलं! मेंदूशास्त्रज्ञ हार्वी कार्टेन १९६०च्या दशकापासून सांगत होते की आकार सोडा, पेशींच्या जोडण्या बघा. २०१२मध्ये कोंबडीच्या एन्टोपॅलियममध्ये आरओआरबी हे जनुक चालू असलेलं दिसलं. आपल्या कॉर्टेक्समध्ये बाहेरून आलेले संदेश घेणाऱ्या चौथ्या थराची तीच खूण. हे साम्य एकाच पूर्वजाकडून आलं की दोन्हीकडे वेगवेगळं घडलं, यावर वाद आहे. गर्भात या पेशी वेगळ्या भागांतून तयार होतात, म्हणून मला दुसरं जास्त पटतं.

आता दाण्याचं. अंड्यात पिल्लाची मान अशी वळलेली असते की उजवा डोळा कवचाकडे आणि डावा अंगाला चिकटलेला. कवचातून झिरपणारा उजेड उजव्यालाच जास्त मिळतो आणि मेंदूच्या दोन बाजू वेगळ्या घडतात. कबूतर खड्यांतून दाणे उजव्या डोळ्याने जास्त चांगले वेचतं. तीच अंडी अंधारात उबवली, तर हा फरक राहत नाही.