पिढ्यान्‌पिढ्यांची संथ कादंबरी ऑडिओबुकवर ऐकली तर ती ‘वाचली’ म्हणायची का? नावं विसरतात, झोप लागते. वेग वाढवावा का?

वाचलीच म्हणायची. आणि वेग अजिबात वाढवू नका.

तीन वर्षांपूर्वी माझ्या डाव्या डोळ्याचा पडदा सुटला. ऑपरेशननंतर डोळ्यात गॅस भरला आणि दहा दिवस मान खाली घालून, नाहीतर पालथं पडून राहायला सांगितलं. वाचन बंद. तेव्हा कोलंबियाचा लेखक गाब्रिएल गार्सिया मार्केझ याची ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’ ही एका घराण्याच्या अनेक पिढ्यांची कादंबरी इंग्रजी अनुवादात ऐकायला घेतली. पहिल्या दिवशी मीही दीडपट वेग लावला होता. संवाद अगदी थोडे, परिच्छेद संपता संपत नाहीत, प्रकरणांना ना नाव ना आकडा, आणि पिढ्यान्‌पिढ्या तीच ती नावं. दुसऱ्या दिवशी कोणता आउरेलियानो लढाईवर गेलाय आणि कोणता घरात आहे तेच कळेना. मुकाट्याने मूळ वेगावर आले.

मग तो केळीच्या मळ्यांतला संप आला. संपकरी स्टेशनसमोर जमतात, लष्कर मशिनगन चालवतं. त्याच घराण्यातला होजे आर्कादियो सेगुन्दो प्रेतांनी भरलेल्या आगगाडीतून उडी टाकून पावसात चालत गावी परततो, तर तिथे कुणी मेल्याचं कुणालाच ठाऊक नाही. नंतर ४ वर्षं, ११ महिने आणि २ दिवस पाऊस पडत राहतो.

मी गडबडले. वाटलं, मला डुलकी लागली असणार, गोळीबार मी झोपेत रचला. पुस्तक हातात असतं तर दोन पानं मागे उलटून खात्री केली असती. पालथं पडून फोन चाचपडत बसणं जमेना, तशीच पुढे ऐकत राहिले. सगळं गाव एकीकडे आणि मला ऐकू आलेलं एकीकडे. त्या माणसाचीही अवस्था तीच होती! कोलंबियातल्या सिएनागाला १९२८च्या डिसेंबरमध्ये केळी कामगारांवर खरोखर गोळीबार झाला होता, आणि मेले किती याचा वाद अजून मिटलेला नाही, हे मला नंतर कळलं. पण त्याआधीच ती दडपणूक अंगावर आली होती, आणि ती कानांमुळेच.

हे दादाला सांगितलं तर म्हणाला, “तू ऐकलंस, वाचलं नाहीस.” त्याने स्वतः छापील प्रत दोनदा सुरू करून दोनदा अर्ध्यात सोडली आहे. मार्केझनेच सांगून ठेवलंय की या कादंबरीचा सूर त्याला आजीच्या गोष्टींतून सापडला. ती अघटित गोष्टही चेहऱ्यावरची रेष न हलवता सांगायची. म्हणजे ज्याने लिहिली त्यालाच ती आधी कानांनी मिळाली. मग मी कानांनी घेतली तर कमी कुठे पडले? डोळे अधू असलेल्यांनी आयुष्यभर केलेलं वाचन दादा कशात मोजणार? यावर त्याने अजून उत्तर दिलेलं नाही.

नावांचं सांगते. छापील प्रतीत बहुधा वंशवृक्ष असतो, तसा कागदावर स्वतः काढा. ऑडिओत तो समोर नसतो. शिवाय घरातली म्हातारी उर्सुला एक खूण सांगते, ती धरून ठेवा: आउरेलियानो नावाचे सगळे अबोल, आत वळलेले, होजे आर्कादियो सगळे धसमुसळे. होजे आर्कादियो सेगुन्दो आणि त्याचा जुळा भाऊ यांच्यापाशी मात्र ही खूण उलटी पडते, तिथे सावध राहा.

अर्थात वाचून दाखवणाऱ्याचा आवाजच पटला नाही तर अर्ध्या तासात सोडा, तिथे हट्ट नको. डोकं गुंतवणारं काम करतानाही असली कादंबरी लावू नये. आणि झोप लागलीच, तर शेवटची आठवणारी घटना सापडेपर्यंत मागे या. मीही तसंच करत होते. फक्त त्या गोळीबारापाशी मागे गेले नाही, आजवर गेलेली नाही.