आठ कोअर असूनही आवाज का तुटतो?

प्रश्न : मायक्रोफोनमधून येणाऱ्या आवाजावर फिल्टर, कॉम्प्रेसर (आवाजाचे चढउतार आटोक्यात ठेवणारा) आणि रिव्हर्ब (खोलीतल्यासारखा घुमारा देणारा) हे तीन टप्पे लावून तो लगेच हेडफोनकडे पाठवणारा प्रोग्रॅम मी लिहिला आहे. सगळे काम एका थ्रेडमध्ये, म्हणजे प्रोग्रॅममधल्या कामाच्या एकाच धाग्यात, होते तेव्हा अधूनमधून तडतड ऐकू येत असे, म्हणून प्रत्येक टप्प्याला वेगळा थ्रेड दिला. पण तडतड उलट वाढली. प्रोसेसरला आठ कोअर, म्हणजे एकाच वेळी स्वतंत्रपणे काम करू शकणारे आठ भाग, आहेत आणि त्याचा वापर ३० टक्क्यांच्या वर जात नाही. मग चूक कुठे आहे?

उत्तर : ३० टक्के हा आकडा पाहून आपण निश्चिंत झालात, आणि शोध तिथेच भरकटला. हा आकडा साधारण सेकंदभराची सरासरी सांगतो, तर आवाजाची मुदत दर बफरला, म्हणजे आवाजाच्या मोजमापांच्या (नमुन्यांच्या) दर गठ्ठ्याला, नव्याने सुरू होते. सेकंदाला ४८,००० नमुने आणि बफरमध्ये १२८ नमुने धरले, तर प्रत्येक बफरसाठी साधारण २.६७ मिलिसेकंद मिळतात आणि असे ३७५ बफर दर सेकंदाला पुरे करावे लागतात. त्यांपैकी ३७४ बफर एकेका मिलिसेकंदात झाले आणि एकालाच चार मिलिसेकंद लागले, तर सरासरी जवळजवळ बदलत नाही, पण कानाला तो एक खंड स्पष्ट ऐकू येतो. म्हणून मोजायचा तो सर्वांत वाईट बफर. प्रत्येक बफरला लागलेला वेळ नोंदवून त्यातला कमाल आकडा पाहा.

थ्रेड वाढवल्यावर त्रास वाढला, कारण आपले तीन टप्पे एकमेकांवर अवलंबून आहेत. फिल्टरचे काम संपल्याशिवाय कॉम्प्रेसरला सुरुवात करता येत नाही, त्यामुळे एकाच बफरवर तीन थ्रेड लावले तरी एका वेळी एकच काम करतो आणि बाकीचे दोन थांबून राहतात. शिवाय प्रत्येक हस्तांतराच्या वेळी झोपलेल्या थ्रेडला जागे करण्याचा खर्च येतो आणि तो दर वेळी सारखा नसतो. तिन्ही थ्रेडना एकाच वेळी वेगवेगळे बफर दिले तर कोअर कामाला लागतात, पण दोन बफरांचा, म्हणजे सुमारे ५.३ मिलिसेकंदांचा जादा विलंब पदरी पडतो. ध्वनिमुद्रित आवाजासाठी हा सौदा चांगला आहे. स्वतःचाच आवाज हेडफोनमध्ये ऐकत गाणाऱ्या माणसासाठी नाही.

फिल्टरचे काम काळाच्या तुकड्यांत वाटण्याचा विचारही मनात येईल. ज्या फिल्टरमध्ये आजचे उत्तर आधीच्या उत्तरावर उभे असते, तिथे ते सरळसरळ जमत नाही. वाटणी खरोखर शोभते ती स्वतंत्र ट्रॅकमध्ये : सोळा ट्रॅक असतील तर मिश्रणाच्या पायरीपर्यंत त्यांचा परस्परांशी संबंध नसतो. आपल्याकडे एकच ट्रॅक आहे, पण रिव्हर्ब कन्व्होल्यूशनने, म्हणजे खोलीच्या नोंदवलेल्या प्रतिसादाशी आवाजाचा गुणाकार-बेरीज करत, होत असेल तर त्यात एक सुंदर सोय आहे. प्रतिसादाचा सुरुवातीचा भाग तत्काळ लागतो, मात्र त्याची लांब शेपटी पुढच्या बफरांत ऐकू येणार असते. तेव्हा सुरुवातीचा भाग मुख्य थ्रेडमध्ये ठेवून शेपटीचे मोठे तुकडे दुसऱ्या कोअरवर, अधिक सैल मुदतीने, मोजता येतात.

आणि मूळची, एका थ्रेडमधली तडतड? तिचे कारण बहुधा कामाच्या ओझ्यात नसून थांबण्यात आहे. आवाजाच्या थ्रेडने मेमरी मागू नये, फाइल वाचू नये, पडद्यावर काही छापू नये आणि दुसऱ्या थ्रेडने धरलेल्या लॉकपाशी (सामायिक माहिती एका वेळी एकालाच वापरू देणाऱ्या कुलपापाशी) थांबू नये. लॉकचा धोका सर्वांत फसवा असतो. कमी प्राधान्याच्या थ्रेडने लॉक धरला, मधल्या प्राधान्याच्या थ्रेडने त्यालाच बाजूला सारले, तर सर्वोच्च प्राधान्याचा थ्रेड दोघांच्या मागे अडकतो. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक याच कारणाने पुन्हापुन्हा रीसेट होत होता, आणि लॉक धरणाऱ्याला तात्पुरते वरचे प्राधान्य मिळण्याची सोय पृथ्वीवरून चालू केल्यावर तो स्थिरावला. आपल्या प्रोग्रॅममध्ये पडद्यावरची बटणे आणि आवाजाचा थ्रेड यांच्यामध्ये एक लिहिणारा आणि एक वाचणारा असा लॉकविरहित वर्तुळाकार बफर (शेवट आला की पुन्हा सुरुवातीपासून भरली जाणारी रांग) ठेवावा. त्याचे वाचन आणि लेखन निर्देशांक कॅशच्या, म्हणजे कोअरजवळच्या वेगवान मेमरीच्या, एकाच ओळीत (सहसा ६४ बाइटांत), शेजारी ठेवू नयेत. तसे केल्यास दोन कोअर तीच ओळ एकमेकांकडून सतत ओढून घेत राहतात.

प्रश्न : कॅमेऱ्याच्या १९२०×१०८० फ्रेमवर मी ५×५ चा अस्पष्टता फिल्टर आणि आणखी काही टप्पे लावतो. एका थ्रेडला ४० मिलिसेकंद लागत होती, त्यांपैकी ८ दाबलेली फ्रेम उलगडण्यात. चित्राचे चार आडवे पट्टे करून चार थ्रेडना दिले, तर १९ मिलिसेकंद लागतात, आणि पट्ट्यांच्या सांध्यांवर रेघा दिसतात.

उत्तर : सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर प्रत्येकीला ३३ मिलिसेकंद मिळतात, म्हणजे मुदत आपण गाठली आहे. चौपट वेग मिळणार नव्हताच : उलगडण्याची ८ मिलिसेकंद एकाच थ्रेडमध्ये राहिली आणि उरलेली ३२ चौघांत वाटली, तरी ८ आणि ८ मिळून १६ होतात. कितीही कोअर जोडले तरी ८ च्या खाली जाता येणार नाही. संगणक-रचनाकार जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये दाखवलेली मर्यादा हीच.

वरची ३ मिलिसेकंद कुठे गेली असतील, याची मला दोन कारणे संभवनीय वाटतात. एका रंगीत फ्रेमचे सुमारे ६२ लाख बाइट होतात, आणि प्रत्येक टप्पा संपूर्ण फ्रेमवरून फिरत असेल तर चारही कोअर मेमरीच्या दारात रांग लावतात. त्याऐवजी छोटा तुकडा कॅशमध्ये असतानाच त्यावरचे सगळे टप्पे उरकावेत. दुसरे असे की सर्व कोअर सारख्या ताकदीचे असतीलच असे नाही. चार समान पट्ट्यांत सर्वांत मंद कोअरसाठी बाकीचे थांबतात, तर तीस-चाळीस लहान पट्टे केल्यास जो मोकळा होईल तो पुढचा उचलतो.

रेघांचे कारण सोपे आहे. ५×५ च्या फिल्टरला पट्ट्याच्या वर आणि खाली दोन-दोन जादा ओळी वाचाव्या लागतात, आणि त्या मूळ चित्रातून वाचून उत्तर वेगळ्या चित्रात लिहावे लागते. असे दोन फिल्टर एकाच तुकड्यावर लागोपाठ लावायचे असतील तर जादा ओळी चार-चार घ्याव्यात.

प्रश्न : आवाज आणि चित्र, दोन्ही एकाच यंत्रावर एकत्र चालवताना कोअर कसे वाटावेत?

उत्तर : आवाजाच्या थ्रेडला वरचे प्राधान्य द्या आणि चित्राच्या थ्रेडची संख्या एकूण कोअरपेक्षा किमान एकाने कमी ठेवा. घड्याळ आवाजाचे माना. चित्राला उशीर झाला तर ती फ्रेम सोडून पुढची घ्या. एखादी फ्रेम गळाल्याचे डोळा सहसा खपवून घेतो.