दोन्ही नळ्या बंद निघाल्या, तर थेट आयव्हीएफ करावं का?

तुमचं वय 31, पाळी नियमित, नवऱ्याचा रिपोर्ट चांगला आणि एचएसजीत, म्हणजे गर्भाशयात डाय (रंगद्रव्य) सोडून काढलेल्या एक्स-रेत, दोन्ही गर्भनळ्या बंद. डॉक्टर आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबी, म्हणतात, सासूबाई उत्तरबस्ती, म्हणजे गर्भाशयात औषधी तेल-तूप सोडायचा आयुर्वेदिक उपचार, म्हणतात, आणि तुम्ही विचारताय की नळ्या मोकळ्या होतात का. मी इथे नुसती वाचत असते, लिहीत नाही. पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय, "लहानपणी कसली तरी औषधं बरेच दिवस चालू होती, आई नीट सांगत नाही." ते वाचलं आणि राहवलं नाही.

आधी नळ्यांचं. बंद कुठे आहेत ते रिपोर्टात बघा. गर्भाशयाला लागूनच बंद दिसत असतील, तर कधी कधी त्या बंद नसतातच. तपासणीच्या वेळी दुखतं, नळी आवळून धरते, डाय पुढे सरकत नाही आणि कागदावर 'ब्लॉक' येतो. खरोखरच तिथे अडलं असेल तर दुर्बिणीतून बारीक तार घालून मोकळं करून बघतात. पण टोकाला बंद आणि आत पाणी साठलेलं असेल, म्हणजे हायड्रोसाल्पिंक्स, तर बहुतेक वेळा मोकळं करण्याच्या नादी लागण्यात अर्थ नसतो. ते पाणी गर्भाशयात उतरतं आणि आयव्हीएफचं यश जवळजवळ निम्म्यावर येतं. म्हणून आधी नळी काढतात किंवा क्लिप लावून गर्भाशयाकडची वाट बंद करतात, मग गर्भ सोडतात. तुमच्या डॉक्टरांनी हे सांगितलं नसेल तर विचारा. उत्तरबस्तीबद्दल माझं मत सरळ आहे. आत कसला संसर्ग आहे हे कळायच्या आधी आत काहीही सोडू देऊ नका, मग सांगणारं कोणी का असेना.

आता माझं.

2010 साली लग्न झालं. दोन वर्षं वाट बघून एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सोनोग्राफी केली, अंडं वाढवायच्या गोळ्या दिल्या आणि ओळीने चार आययूआय केले. नळ्या तपासल्याच नाहीत! वीर्य गर्भाशयात सोडायचं, पण ते आणि अंडं जिथे भेटणार ती वाटच बंद असेल तर कुणासाठी चाललंय हे सगळं? दर महिन्याला मी बँकेतून अर्धी रजा काढायची, आणि पाळी आली की संडासात बसून रडायची. तेव्हा मला यातलं काही कळत नव्हतं, म्हणून विचारलंही नाही.

2014 मध्ये डॉक्टर बदलले. कोल्हापूरच्या बाई होत्या, बोलायला फटकळ. पहिली फाइल चाळली आणि म्हणाल्या, "एचएसजी कुठंय?" पुढच्या पाळीच्या आठव्या दिवशी केलं. दोन्ही नळ्या बंद, डावी पाण्याने फुगलेली. त्यांनी विचारलं, "लहानपणी टीबी? घरात कुणाला?" मी म्हटलं नाही. मग माझ्या मानेवरच्या व्रणाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे काय?" मी म्हटलं, गळू झालं होतं. मला तसंच सांगितलेलं होतं ना.

दुर्बिणीने बघितलं तर आत सगळं एकमेकांना चिकटलेलं, नळ्यांवर पांढरे दाणे. तुकडा तपासायला गेला आणि टीबीच निघाला. मला ना खोकला, ना ताप, ना वजन कमी झालेलं. गर्भाशय-नळ्यांच्या टीबीचं हेच आहे. तो फुफ्फुसातून किंवा गाठीतून रक्तावाटे नळ्यांत जाऊन बसतो आणि वर्षानुवर्षं पत्ता लागू देत नाही. मूल होत नाही म्हणून तपासायला गेलं की सापडतो.

सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या. पहिल्याच दिवशी दुपारी लघवीला गेले तर केशरी-लाल. नर्सने आधी सांगितलं होतं, तरी मी तिथेच भिंतीला धरून उभी राहिले. कारण तो रंग मी आधी बघितला होता. दुसरीत असताना. "आई, लाल शू" म्हणून ओरडले होते आणि आई म्हणाली होती, शक्तीच्या गोळ्यांनी होतं, कुणाला सांगू नकोस.

संध्याकाळी फोन लावला. आधी कबूलच करेना. मग म्हणाली, "गंडमाळा झाल्या होत्या तुला. गाठ बसली तशी गोळ्या बंद केल्या."

"किती महिने दिल्या?"

"तीन असतील."

"मग गळू का सांगितलंस मला?"

"मग काय टीबी सांगू? गावात कळलं असतं तर तुला कुणी उजवली असती का?"

या एका वाक्यावर आमचं भांडण आजही चालू आहे. तिचं म्हणणं, लग्न तर झालं ना. माझं म्हणणं, नवऱ्यापासून लपवलंस ते एक वेळ समजते, पण मलाही सांगितलं नाहीस, आणि मी डॉक्टरांसमोर बसून खोटं बोलले. तीन महिन्यांत औषध तोडलं नसतं तर नळ्या वाचल्या असत्या का, हे कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. डॉक्टर बाईंनीही सांगितलं नाही. मी मात्र आईला ते दहा वर्षं सांगतेय. ती आता पंचाहत्तरीची आहे, गप्प ऐकते आणि दिवाळीला मला बेसनाचे लाडू पाठवते.

पुढचं थोडक्यात. औषध संपलं, दोन्ही नळ्या काढल्या, मग आयव्हीएफ. एका खेपेला पावणेदोन लाख. पहिल्यांदा फसलं, दुसऱ्यांदा राहिलं. नळ्या नसल्या तरी चालतं, गर्भाशयाचं अस्तर शाबूत लागतं. टीबीने तेच खाल्लं असतं तर आयव्हीएफनेही काही झालं नसतं. म्हणून आयव्हीएफला हो म्हणण्याआधी अस्तर बघून घ्या एवढंच माझं म्हणणं. 31 ला दोन-चार महिने तपासणीत गेले तर आभाळ कोसळत नाही. कायदा बाईला 50 पर्यंत आयव्हीएफ करू देतो, पण अंड्यांना कायदा कळत नाही, तेव्हा पस्तिशीपर्यंत रेंगाळूही नका.

आणि हो, हे आधीच लिहायला हवं होतं. बंद नळी म्हणजे टीबीच असं नाही. क्लॅमिडियासारखा संसर्ग, फुटलेलं अपेंडिक्स, एंडोमेट्रिओसिस, कशानेही होतं. आणि नुसत्या पीसीआरचा, म्हणजे टीबीच्या जंतूंचा अंश शोधणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून कुणी सहा महिन्यांच्या गोळ्या हातात ठेवल्या तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. तो रिपोर्ट खोटाही येतो. खरोखर टीबी निघाला तर औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.

आईला विचाराल तेव्हा "मला टीबी होता का" असं विचारू नका, नाहीच म्हणतील. कुठल्या गावाला न्यायचात, गोळ्या किती महिने होत्या, लघवी लाल व्हायची का, असं विचारा. आम्ही दर महिन्याला एसटीने मिरजेला जायचो, येताना आई भडंग घेऊन द्यायची, एवढं मला स्वच्छ आठवत होतं. कशासाठी जायचो हे मी तिला एकतीस वर्षांची होईपर्यंत विचारलं नव्हतं.