उत्तर : आत्यांना मोफत वकील नक्की मिळेल, पण समन्सची तारीख आधी बघा

दादा, तुम्ही लिहिलंय की आत्यांवर दिरांनी जमिनीचा दावा टाकलाय, समन्स आलंय, वकील पंचवीस हजार मागतोय आणि 'पिवळं कार्ड नाही, मुलगा कंपनीत आहे, मग कसला मोफत वकील' असं गावात सांगतात. गावाचं ऐकू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987, कलम 12. त्यात स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, कोठडीतले लोक यांना उत्पन्नाची अटच नाही. बाकीच्यांना महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांची मर्यादा आहे. आत्या बाई आहेत, विषय संपला. मात्र दाव्यात मुलालाही प्रतिवादी केलं असेल, तर त्याचं वेगळं बघावं लागेल. त्याचा पगार तीन लाखांच्या वर असला तर त्याला स्वतःचा वकील द्यावा लागेल, आत्यांचा हक्क त्यामुळे जात नाही.

आता घाई कशाची ते सांगतो. समन्स हातात पडल्यापासून तीस दिवसांत कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायची असते. कोर्ट मुदत वाढवून देतं, पण एकूण नव्वद दिवसांपर्यंत, आणि तेही कारण पटलं तर. कोणी हजरच झालं नाही तर दावा एकतर्फी चालतो. समन्ससोबतच्या कागदांत मनाई अर्ज (दावा चालू असेपर्यंत तुम्हाला जमिनीबाबत काही करण्यापासून थांबवा, असा अर्ज) आहे का ते बघा, त्यावर बहुतेक 'निशाणी 5' असं लिहिलेलं असतं. असेल तर त्याला म्हणणं त्याच्याही आधी द्यावं लागेल. आमच्याकडे लोक दाव्याच्या जाड गठ्ठ्यात अडकतात आणि हा अर्ज तसाच राहतो.

तालुक्याच्या कोर्टातच तालुका विधी सेवा समिती असते. तिथे जा. आत्यांना सोबत न्या, आधार कार्ड, समन्स, दाव्याची नक्कल आणि सातबारा घ्या. अर्ज साध्या कागदावर मराठीत चालतो, आत्यांना लिहिता येत नसेल तर तिथला कर्मचारी किंवा विधी स्वयंसेवक लिहून देतो. पुढची तारीख आणि निशाणी 5 आहे की नाही, हे अर्जात ठळक लिहा, म्हणजे अर्ज ढिगात पडून राहणार नाही. अर्ज मंजूर करताना बाजूत तथ्य आहे का हे वरवर बघतात, त्यामुळे फेरफार वगैरे असेल तर जोडाच. तालुक्याला दाद लागली नाही तर जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव बसतात, ते स्वतः न्यायाधीश असतात. 15100 वर फोन करूनही विचारता येतं.

कोणी 'लोक अभिरक्षक' कार्यालयाकडे पाठवलं तर जाऊ नका. ते फौजदारी प्रकरणांसाठी आहे, तुमचा दावा दिवाणी आहे.

पॅनेलचा, म्हणजे समितीच्या यादीतला, वकील मिळाला की त्याला एक रुपयाही द्यायचा नाही. वकीलपत्र, टायपिंग, नकला, कोर्ट फी सगळं त्यात येतं. 'चहापाण्याचं बघा' म्हणाला तर थेट समितीकडे लेखी द्या, वकील बदलून मिळतो. खरं सांगायचं तर मानधन तुटपुंजं असतं, म्हणून काही जण तारखा ढकलतात. पण नव्या पोरांमध्ये मन लावून काम करणारेही भेटतात. प्रत्येक तारखेला घरचं कोणीतरी कोर्टात बसलेलं असावं.

आणि लोकअदालतीत मिटवू म्हणाले तर हरकत नाही, फक्त तडजोडीचा कागद वकिलाकडून आत्यांना ओळ न् ओळ वाचून घ्या. त्या निवाड्यावर अपील नसतं.